नर माशी कोर्टशिप करत नाही, आणि तेही कधीकधीच: कुठे शोधायचं ते सांगते

आमच्या फ्लाय रूममध्ये वर्षभर एकच दुखणं चालू होतं. प्रयोग तसा साधा. ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर या फळमाशीचा एक नर आणि एक व्हर्जिन मादी, सेंटिमीटरभर रुंदीच्या गोल चेंबरमध्ये सोडायची, १० मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा आणि त्यातला किती वेळ नर मादीच्या मागे होता त्याची टक्केवारी काढायची, म्हणजे कोर्टशिप इंडेक्स. प्रयोगातल्या नरांत गॅल-फोर लाइन (ठरावीक पेशींतच हवा तो जीन चालवता येतो अशी माश्यांची जात) वापरून ठरावीक न्यूरॉनमधला फ्रूटलेस जीन आरएनएआयने, म्हणजे त्याचा आरएनए नष्ट करून, कमी केलेला, शेजारच्या चेंबरमध्ये कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी तो जीन न छेडलेले नर. एका बॅचला प्रयोगातले नर एकदम थंड आणि कंट्रोल जोरात, सगळे खूश. पुढच्या बॅचला दोघांत काही फरकच नाही. त्याच्या पुढच्या बॅचला तर कंट्रोलच पडलेला. मीडिया, म्हणजे माश्यांचं खाणं, बदलून बघितला, माश्यांचा स्टॉक नवीन आणला, बॅकक्रॉस केला, म्हणजे मूळ जातीशी पुन्हा पुन्हा संकर केला, कॅमेरा बदलला, दर वेळी एखादी बॅच बरी जायची, वाटायचं सुटलं बाबा, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शेवटी कारण सापडलं ते जीनमध्ये नव्हतंच, नरांच्या वयात होतं, आणि वयाचा धागा जाऊन पोचला एका हार्मोनपर्यंत. ते पुढे सविस्तर सांगते. पण त्या शोधाशोधीत माझं एक मत पक्कं झालं की इंडेक्स पडायला कितीतरी वेगवेगळी कारणं असतात आणि नुसत्या आकड्याकडे बघून त्यातलं कुठलं ते कधीच कळत नाही, नर नेमका कुठल्या पायरीवर अडतो ते डोळ्यांनी बघितलं की मात्र बऱ्याचदा कळतं. म्हणून खालचं सगळं पायऱ्यांच्या हिशोबाने लिहितेय.

आधी एक नर नीट बघा

व्हिडिओ हळू चालवा आणि एकच नर पूर्ण १० मिनिटं बघा, मध्ये फोन नको काही नको. नर आधी मादीकडे तोंड वळवून उभा राहतो. ती चालायला लागली की मागे लागतो. मग पुढच्या पायाने तिच्या अंगावर हलकेच टकटक करतो, याला टॅपिंग म्हणतात आणि हे इतक्या पटकन होतं की नेहमीच्या स्पीडला निसटून जातं. मग एकच पंख, बहुतेक वेळा मादीच्या बाजूचा, अंगाशी जवळजवळ काटकोनात बाहेर काढून थरथरवतो, हे त्याचं गाणं. त्यात सुट्या ठोक्यांचा एक भाग असतो आणि सलग गुणगुणण्याचा एक, मेलानोगॅस्टरमध्ये दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण ३५ मिलिसेकंद. मग सोंडेने तिच्या पोटाच्या मागच्या टोकाला चाटतो, स्वतःचं पोट पुढे वाकवतो आणि मीलनाचा प्रयत्न करतो. जमलं तर १५-२० मिनिटं दोघं जोडलेले राहतात, नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून.

या पायऱ्या म्हणजे आपण वर्णनाच्या सोयीसाठी पाडलेले तुकडे नाहीत. १९७६ मध्ये हॉटा आणि बेंझर यांनी शरीराचा काही भाग नर आणि काही भाग मादी अशा मोझेक माश्या घेऊन दाखवलं की मागे लागणं आणि पंख थरथरवणं यासाठी डोक्यातला भाग नर असावा लागतो, आणि प्रत्यक्ष मीलनाच्या प्रयत्नासाठी छातीकडचा. म्हणजे वेगवेगळ्या पायऱ्यांची मुळं शरीरात वेगवेगळ्या जागी आहेत. मग त्या सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा काढायचा आणि त्यावरून बिघाड शोधायचा हे अवघड जाणारच.

मी आता प्रत्येक नरासाठी वहीत एवढंच लिहिते: वळला का, टॅप केलं का, पंख काढला का, पोट वाकवलं का, आणि प्रत्येक पहिल्यांदा किती सेकंदांनी. कंटाळवाणं काम आहे पण अर्धं निदान तिथेच होतं.

जीनकडून काय अपेक्षा करायची आणि हार्मोनकडून काय

इथे नवीन मुलामुलींचा घोळ होतो, माझाही झाला होता. आपल्या डोक्यात सस्तन प्राण्यांचं चित्र असतं, वृषणातून हार्मोन निघतो, रक्तातून मेंदूत जातो आणि मेंदूला नराचा करतो. माशीत असं नाहीये. तिथे प्रत्येक पेशी स्वतःच्या एक्स क्रोमोसोमवरून आपलं लिंग ठरवते. दोन एक्स असले की सेक्स-लीथल जीन चालू होतो, त्याच्यामुळे ट्रान्सफॉर्मर प्रथिन तयार होतं आणि ते डबलसेक्स आणि फ्रूटलेस या दोन जीनच्या आरएनएची कापाकापी मादीच्या पद्धतीने करतं. एकच एक्स असला की ट्रान्सफॉर्मर प्रथिन बनत नाही, मग नराच्या पद्धतीची कापणी होते आणि डबलसेक्सचं नररूप आणि फ्रूटलेसचं नररूप, ज्याला आपण फ्रू-एम म्हणतो, ते बनतं. मादीत फ्रू-एम बनतच नाही.

फ्रूटलेसचा पहिला म्यूटंट, म्हणजे तो जीन बिघडलेली माशी, १९६३ मध्ये गिल यांनी नोंदवला, त्यातले नर नरांच्याही मागे लागायचे आणि त्यांना संतती होत नव्हती. जीन हाती लागला १९९६ मध्ये. आणि २००५ मध्ये डेमिर आणि डिक्सन यांनी मादीत फ्रू-एम बनेल अशी सोय केली तर ती मादी दुसऱ्या माद्यांच्या मागे लागून पंख थरथरवायला लागली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वर जाऊन वाचलं होतं, एका जीनच्या कापणीत बदल आणि एवढं मोठं वागणं. फ्रू-एम साधारण २,००० न्यूरॉनमध्ये असतो, म्हणजे मेंदूचा अगदी छोटा हिस्सा, पण वास, चव, नजर, गाणं या सगळ्या वाटांवर पसरलेला. त्यातला मधला चौक म्हणजे पी-वन न्यूरॉन, नराच्या मेंदूत प्रत्येक बाजूला २० च्या आसपास, मादीत डबलसेक्सच्या मादीरूपामुळे ते वाढीच्या काळातच मरून जातात. नरात हे कृत्रिमपणे चालू केले तर तो समोर हलणाऱ्या रबरबँडच्या मागेसुद्धा लागतो.

तर सर्किट कुठलं बांधायचं ते मुख्यतः जीन ठरवतात. हार्मोनचं काम ते सर्किट किती संवेदनशील ठेवायचं, कधी पिकवायचं, अनुभवाने किती वळू द्यायचं हे आहे. निदानाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की जीनचा बिघाड असेल तर तो बॅच कुठलीही असो, कमीजास्त पण दर वेळी दिसायला हवा. बॅचगणिक येतो-जातो असा बिघाड असेल तर पहिला संशय वय, हार्मोन, वास, आठवण यांच्यावर घ्या, जीनवर नंतर. आम्ही नेमकं उलट केलं आणि वर्ष गेलं.

नर वळतच नाही किंवा फार उशिरा वळतो

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, नर चेंबरच्या कडेला उभा, पाय पुसत बसलेला, मादी समोरून गेली तरी ढिम्म.

आधी साध्या गोष्टी उरकून घ्या. कार्बन डायऑक्साइड देऊन माश्या बेशुद्ध केल्या असतील तर निदान २४ तास जाऊ द्या, बेशुद्धीचा परिणाम मीलनाला लागणाऱ्या वेळेवर होतो. प्रयोगाच्या दिवशी फक्त अ‍ॅस्पिरेटरने, तोंडाने हलकं ओढून, एकेक नर हलवा, बर्फ पण नको. तापमान २५ अंश आणि हवा दमट हवी, एसीच्या झोताखाली ठेवलेल्या चेंबरमध्ये माश्या कोरड्या पडतात आणि काहीच करत नाहीत. इन्क्युबेटरमध्ये १२ तास उजेड १२ तास अंधार असेल तर रोज ठरावीक वेळेलाच प्रयोग घ्या, मी दिवे लागल्यावरच्या पहिल्या दोन-तीन तासांत घेते. सकाळी कंट्रोल आणि दुपारी म्यूटंट असं कधीही करू नका, दोघं एकाच ट्रेमध्ये आलटूनपालटून लावा.

डोळ्यांचा रंग बघा. व्हाईट म्यूटंटची पांढऱ्या डोळ्यांची माशी नीट बघू शकत नाही आणि तिची कोर्टशिप मुळातच कमजोर असते, त्यामुळे पांढऱ्या डोळ्यांचा कंट्रोल आणि केशरी-लाल डोळ्यांचा प्रयोग ही तुलना मुळातच चुकीची. ट्रान्सजीनबरोबर, म्हणजे बाहेरून घातलेल्या जीनबरोबर, खूण म्हणून छोटा व्हाईट जीन येतो म्हणून हे नकळत घडतं. जास्तीत जास्त सारख्या डोळ्यांचा कंट्रोल बनवा.

हे सगळं ठीक असेल तर वयाकडे या, इथेच आमचा चोर होता.

नुकताच कोषातून निघालेला नर कोर्टशिप करत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दुसऱ्या दिवशीचा नर आणि सातव्या दिवशीचा नर यांच्यातही फरक असतो हे लोक धरत नाहीत. २०१६ मध्ये याचं एक सुंदर कारण दाखवलं गेलं. नराच्या अँटेनावर ओआर४७बी नावाचा वासाचा रिसेप्टर असलेले न्यूरॉन असतात, हेही फ्रू-एमवाले, आणि ते माश्यांच्या अंगावरच्या पामिटोलेइक अ‍ॅसिडसारख्या वासांना प्रतिसाद देतात. मेंदूजवळच्या कॉर्पोरा अलाटा या इवल्या ग्रंथीतून निघणारा जुवेनाईल हार्मोन वयाबरोबर या न्यूरॉनना संवेदनशील करत जातो. ७ दिवसांचा नर आणि २ दिवसांचा नर एकाच मादीसाठी स्पर्धेत उतरवले तर ७ दिवसांचा जिंकतो, आणि या न्यूरॉनमधून जुवेनाईल हार्मोनचा रिसेप्टर काढून टाकला की तो फायदा जातो. कोवळ्या नराला मेथोप्रीन, म्हणजे जुवेनाईल हार्मोनसारखंच वागणारं रसायन, दिलं तर ते न्यूरॉन लवकर तयार होतात. अळीत हाच हार्मोन रूपांतर रोखून धरतो आणि प्रौढ नरात तोच नाक तिखट करतो, मला हे फार आवडतं.

आता आमच्याकडे काय झालं होतं ते. आम्ही प्रयोग अंधुक लाल उजेडात घेत होतो, कारण माशीला लाल जवळपास दिसत नाही आणि आम्हाला नजर बाजूला काढून फक्त वास-चव तपासायची होती. भरपूर उजेडात कोवळा नरसुद्धा नजरेच्या जोरावर मादीच्या मागे लागतो आणि नाकातली उणीव झाकली जाते, लाल उजेडात ती उघडी पडते. आणि लेबलवर आम्ही तारीख लिहीत होतो ती नर गोळा केल्याची, कोषातून निघाल्याची नव्हे. कंट्रोलच्या क्रॉसमधल्या, म्हणजे संकरातल्या, माश्या एक-दोन दिवस आधी कोषातून निघायला लागायच्या आणि त्या व्हायल, म्हणजे माश्या वाढवायच्या बाटल्या, कोणी वेळेवर रिकाम्या करायचं नाही, त्यामुळे कंट्रोल म्हणून गोळा झालेले नर आधीच दोन-चार दिवसांचे असायचे, प्रयोगातले मात्र ताजे. लवकर टेस्ट केली की कंट्रोल पिकलेले आणि प्रयोगातले कोवळे, म्हणून मोठा फरक. आठवडाभराने टेस्ट केली की दोघंही पिकलेले, फरक गायब. आणि ज्या बॅचला कोणीतरी शिस्तीने कंट्रोलही ताजे गोळा केले आणि दोन दिवसांत टेस्ट केली, तिथे कंट्रोलही पडला. तीन बॅच, तीन वेगळे निकाल, कारण एक. हे मला कळलं ते जुन्या रिकाम्या व्हायलची लेबलं ट्रेमध्ये ओळीने लावून बघताना, एका लेबलवर कुणीतरी पेन्सिलने बारीक अक्षरात 'पूर्ण गडद' असं लिहिलं होतं, म्हणजे गोळा करताना नराचा रंग आधीच गडद होता. ताजा निघालेला नर फिका असतो, पंख नुकते उलगडलेले, पोटात गडद ठिपका दिसतो. त्या दोन शब्दांवर मी बराच वेळ बसून राहिले.

तेव्हापासूनचा नियम: सकाळी सगळ्या व्हायल पूर्ण रिकाम्या करायच्या, संध्याकाळी त्यात जे निघाले तेच नर घ्यायचे, लेबलवर निघाल्याची तारीख, आणि टेस्ट दोन्ही गटांची ५ ते ७ दिवसांच्या वयात एकत्र. आणि शंका आली की त्याच बॅचमधले काही नर पूर्ण उजेडात पण बघायचे. उजेडात ठीक आणि लालमध्ये पडतात, म्हणजे वास-चवीकडे बघा. दोन्हीकडे पडतात, म्हणजे तब्येत, बेशुद्धी, तापमान किंवा खरोखरच मधलं सर्किट.

याला जोडूनच, नर एकटे ठेवले होते की घोळक्यात हे पण लिहून ठेवा. एकटे वाढवलेले नर साधारणपणे जास्त जोमाने मागे लागतात, दुसऱ्या बाजूने घोळक्यात राहिलेल्या नरांत ओआर४७बी न्यूरॉन जास्त संवेदनशील झालेले दिसलेत, आणि हा परिणाम जुवेनाईल हार्मोनबरोबर मिळून होतो. म्हणजे एकटं की घोळक्यात याचं एकच सरळ उत्तर नाही, पण अर्धे नर एकटे आणि अर्धे घोळक्यातले असा मिसळलेला कंट्रोल मात्र कुठल्याच कामाचा नाही. एक सावधगिरी अजून, मेथोप्रीन आणि पायरीप्रॉक्सिफेन ही रसायनं कीड नियंत्रणात वापरतात आणि ती जुवेनाईल हार्मोनचीच नक्कल करतात, तर बिल्डिंगमध्ये फवारणी होणार असेल तेव्हा व्हायल दुसरीकडे हलवा.

आणि चेंबरमध्ये मीडियाचा छोटा तुकडा ठेवा. खाण्याच्या वासातल्या फेनिलअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडला ओळखणारा आयआर८४ए नावाचा रिसेप्टर फ्रू-एमवाल्या न्यूरॉनमध्ये आहे आणि तो नराची कोर्टशिप वाढवतो, २०११ मध्ये हे दाखवलंय. ही माशी खाण्यावरच अंडी घालते, त्यामुळे जिथे खाणं तिथे मीलन हे तिच्या दृष्टीने बरोबरच आहे.

टॅप करतो आणि निघून जातो

हा नर वळतो, मागे लागतो, पुढचा पाय टेकवतो आणि हात भाजल्यासारखा मागे सरकतो. म्हणजे नजर आणि लांबचा वास ठीक आहेत, अंगाला लागल्यावर जी चव कळली ती त्याला नको आहे. इथे नराचा जीन तपासण्याआधी मादी तपासा.

मादीच्या अंगावर ७,११-हेप्टाकोसाडाईन नावाचं मेणासारखं हायड्रोकार्बन असतं, नराच्या पायावरचे पीपीके२३ वाले न्यूरॉन ते ओळखतात आणि पी-वनला उत्तेजन जातं. नराच्या अंगावर ७-ट्रायकोसीन असतं, त्याने दुसरा नर मागे हटतो. आणि सीव्हीए नावाचा एक पदार्थ नर मीलनाच्या वेळी मादीला देऊन जातो, पुढच्या नराला तो ओआर६७डी रिसेप्टरने कळतो आणि त्याचा उत्साह उतरतो. तेव्हा तुमची व्हर्जिन मादी खरोखर व्हर्जिन आहे का हा पहिला प्रश्न. २५ अंशांवर निघाल्यापासून ८ तासांच्या आत वेगळी केली असेल तर बहुतेक असतेच, पण माद्या तीन-चार दिवस एकत्र व्हायलमध्ये ठेवा आणि मीडियात अळ्या दिसल्या तर ती सगळी व्हायल टाका, एखादी चांगली असेल म्हणून वाचवू नका.

व्हिडिओतही ओळखता येतं. व्हर्जिन मादी नको असेल तर लाथ मारते, पंख झटकते, पळते. मीलन झालेली मादी पोटाच्या टोकातून अंडी घालायची नळी लांब बाहेर काढून नराच्या तोंडासमोर धरते, एकदा बघितलं की विसरता येत नाही. हे वागणं बदलतं ते नराच्या वीर्याबरोबर आलेल्या सेक्स पेप्टाइडमुळे, फक्त ३६ अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा, तो शुक्राणूंना चिकटून राहतो म्हणून परिणाम आठवडाभर टिकतो. असं दृश्य तुमच्या 'व्हर्जिन' चेंबरमध्ये दिसलं तर नराला दोष देणं बंद करा.

मादी ठीक असेल तर नराची आठवण बघा. १९७९ मध्ये सीगल आणि हॉल यांनी दाखवलं की मीलन झालेल्या मादीबरोबर तासभर ठेवून नकार खाल्लेला नर नंतर दोन-तीन तास व्हर्जिन मादीकडेही कमी लक्ष देतो. जास्त वेळ, पाचेक तास किंवा अधिक, नकार मिळाला तर आठवण कित्येक दिवस टिकते, आणि या लांब पल्ल्याच्या आठवणीला इक्डिसोन हार्मोन लागतो, जो आपण फक्त कात टाकण्याशी जोडून मोकळे होतो. आमच्या न रिकाम्या केलेल्या कंट्रोल व्हायलमधल्या नरांनी बहिणींबरोबर काय काय अनुभव घेतला होता कुणास ठाऊक, म्हणून तो सगळा डेटा मी वयाची दुरुस्ती करूनसुद्धा वापरला नाही. नुकतंच बरंच मीलन केलेला नर हाही वेगळा प्रकार, त्याच्या मेंदूतली डोपामिनची पातळी उतरलेली असते आणि ओढ परत यायला साधारण ३ दिवस लागतात.

चेंबर धुता का? आम्ही नुसते पुसायचो. आधीच्या जोडीचे वास प्लास्टिकवर राहतात. बिनवासाच्या साबणाने धुवा, भरपूर पाण्याखाली धरा, ७० टक्के अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या.

गातो पण पुढे जात नाही

पंख निघतोय, मागे लागणं छान, पण पोट वाकवत नाही किंवा मीलन होतच नाही. हे बॅचमागून बॅच सारखंच दिसत असेल तर आता जीनकडे वळायला हरकत नाही. फ्रूटलेसच्या जुन्या, मूळ म्यूटंटमध्ये नर गातात, मागे लागतात, पण पोट वाकवत नाहीत. फ्रू-एम पूर्ण घालवलेला नर मात्र कोर्टशिपच जवळजवळ करत नाही. म्हणजे 'फ्रू म्यूटंट' असं नुसतं म्हणून चालत नाही, कुठला अ‍ॅलील, म्हणजे जीनचा कुठला प्रकार, ते लिहा, नाहीतर दोन वेगळ्या प्रकारचे निकाल एकाच नावाखाली जमा होतात आणि पुन्हा वाटतं प्रयोग जमत नाहीये. फ्रू-एमचं काम कितपत गेलंय याचा एक खात्रीचा पुरावा वागण्यात नाही तर पोटात आहे, नराच्या पोटात लॉरेन्सचा स्नायू नावाची एक जोडी असते, ती व्हायला तिथे जाणारा नर्व्ह नराचा आणि फ्रू-एमवाला लागतो, पूर्ण गेलेल्या म्यूटंटमध्ये ती बनत नाही. डिसेक्शन करून बघा.

आणि कृपया कर्ली पंखांची भावंडं कंट्रोल म्हणून घेऊ नका. बॅलन्सर क्रोमोसोममुळे (म्यूटेशन स्टॉकमध्ये टिकवायला वापरतात तो खास क्रोमोसोम) पंख वर वळलेला नर पंख काढतो, थरथरवतो, पण वाकड्या पंखाचं गाणं सरळ पंखासारखं येईल अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि मादी गाणं ऐकूनच थांबते. सोपे मिळतात म्हणून सगळे घेतात.

नरच नरांच्या मागे

व्हायलमध्ये नरांची साखळी दिसली, एकामागे एक पंख काढून चाललेत, की लगेच सगळे फ्रूटलेस म्हणतात. असेलही, पण क्रमाने बघा. त्यात अगदी कोवळे नर मिसळलेत का? ताज्या निघालेल्या माश्यांच्या अंगावरची हायड्रोकार्बनं वेगळी असतात आणि पिकलेले नर त्यांच्या मागे लागतात, दोन दिवसांनी साखळी आपोआप मोडते. हीट-शॉकवाला, म्हणजे गरम केलं की चालू होणारा, व्हाईट ट्रान्सजीन आहे का? व्हाईट जीन भलत्या पेशींत सगळीकडे चालू झाला की नर साखळ्या करतात हे १९९५ पासून माहीत आहे. वासाचा ओआर६७डी गेला तरी नर नराच्या मागे लागतो. इक्डिसोन कमी पडला किंवा फ्रू-एमवाल्या न्यूरॉनमधला त्याचा रिसेप्टर घटवला तरीही नर-नर कोर्टशिप वाढलेली दिसलीय. यातलं नक्की कुठलं ते ठरवायला एक सोपी टेस्ट आहे, संशयित नर आणि एक पक्का कॅन्टन-एस, म्हणजे नेहमीच्या सामान्य जातीचा, नर एकत्र ठेवा आणि कोण कोणाच्या मागे लागतो ते बघा. संशयित नर कॅन्टन-एसच्या मागे लागला तर बिघाड त्याच्या नाकात, जिभेत किंवा मेंदूत आहे. कॅन्टन-एस नर संशयिताच्या मागे लागला तर बिघाड संशयिताच्या अंगावरच्या वासात आहे, आणि तो वास बनतो त्वचेखालच्या ओइनोसाइट पेशींत, मेंदू तपासून काही मिळणार नाही.

आमच्या क्रॉसचं शेवटी काय झालं

निघाल्याची तारीख जुळवून, सगळे नर एकटे ठेवून, ६ दिवसांचे झाल्यावर, धुतलेल्या चेंबरमध्ये दोन्ही गट आलटूनपालटून लावले. लाल उजेडात पहिल्यांदा कंट्रोल लागोपाठ सगळ्या बॅचना तसाच्या तसा आला, मागे लागणं, टॅपिंग, पंख, सगळं. प्रयोगातल्या नरांचा इंडेक्स कंट्रोलइतकाच. ज्या फरकावर आम्ही वर्ष काढलं होतं तो गेला. पण वहीतल्या चौथ्या रकान्यात, पोट वाकवलं का, तिथे प्रयोगातले नर दर बॅचला मागे राहत होते, वळायचे वेळेवर, गायचे पण व्यवस्थित, आणि मग मादीच्या मागे तसेच उभे. इंडेक्समध्ये हे कधी दिसलंच नसतं कारण मागे उभं राहणंही त्यात कोर्टशिप म्हणूनच मोजलं जातं. आता गॅल-फोर लाइन पोटाकडच्या मज्जारज्जूत नेमके कुठले न्यूरॉन पकडते ते बघायला घेतलंय, पहिली डिसेक्शनं याच आठवड्यात आहेत.